भवभूती, उंबेक आणि शेहेचाळिसावा श्लोक

‘मालतीमाधव’ नाटकाची एक जुनी पोथी एकोणिसाव्या शतकात इंदूरला मिळाली. शंकर पांडुरंग पंडितांनी १८८७ साली ‘गउडवहो’ हे प्राकृत काव्य संपादून प्रसिद्ध केले, त्याच्या प्रस्तावनेत या पोथीची हकीकत आली. संस्कृत नाटकाच्या प्रत्येक अंकाखाली ‘अमक्याने रचलेल्या तमक्या नाटकाचा इतकावा अंक संपला’ अशा अर्थाची ओळ असते, तिला पुष्पिका म्हणतात. या पोथीच्या तिसऱ्या अंकाखाली नाटकाचा कर्ता म्हणून ‘कुमारिल भट्टांचा शिष्य’ एवढाच उल्लेख होता. सहाव्या अंकाखाली नाव होते उंबेकाचार्यांचे, आणि त्यांना वाणीचे वैभव कुमारिलस्वामींच्या प्रसादाने मिळाले असल्याचे सांगितले होते. दहाव्या म्हणजे शेवटच्या अंकाखाली मात्र आपल्या ओळखीचे नाव होते: भवभूती.

नाटक एक, पोथी एक आणि कर्त्याची ओळख तीन प्रकारची. ‘मालतीमाधव’, ‘महावीरचरित’ आणि ‘उत्तररामचरित’ ही तीन नाटके ज्याच्या नावावर आहेत तो भवभूती म्हणजेच कुमारिलांचा शिष्य मीमांसक उंबेक काय, हा वाद तेव्हापासून सुरू झाला. आज हा वाद कोणी हिरिरीने लढवत नाही, पण तो मिटलेलाही नाही. भवभूतीवरच्या कोणत्याही प्रस्तावनेत त्याला दोन परिच्छेद मिळतात आणि ‘निश्चित सांगता येत नाही’ असे म्हणून लेखक पुढे जातो. माझे म्हणणे असे, की निश्चित सांगता येण्यासारखे यात बरेच आहे. आणि दुसरे असे, की या वादाच्या गोंगाटात भवभूतीच्या कर्तृत्वाचा खरा प्रश्न झाकला गेला. तो प्रश्न ‘महावीरचरिता’च्या पाचव्या अंकात पडून आहे. पण आधी उंबेक.

शेक्सपिअरच्या बाबतीत असा वाद फार गाजला. १८५७ साली डेलिया बेकन यांनी ग्रंथ लिहून नाटकांचे श्रेय फ्रान्सिस बेकन आणि त्यांच्या वर्तुळातील मंडळींकडे वळवले. १९२० साली थॉमस लूनी यांनी ऑक्सफर्डच्या अर्लचे नाव पुढे केले. पुरावे निरनिराळे, उमेदवार निरनिराळे, पण तळाशी शंका एकच. स्ट्रॅटफर्डसारख्या गावात हातमोजे करणाऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पायरी न चढलेला. त्याला राजदरबार, कायदा, इटली हे सगळे ठाऊक असेल कसे? मग कोणी तरी थोर, शिकलेला, खानदानी माणूस पडद्यामागे असला पाहिजे.

भवभूतीचे प्रकरण वरवर पाहता याच्या उलट आहे. त्याचे कूळ, शाखा, आजोबा, वडील, आई सगळे त्याने स्वतः सांगितले आहे आणि विद्वत्तेबद्दलही कोणाला शंका नाही. तरीही उंबेकाकडे जी ओढ दिसते तिच्यात मला तीच गोम दिसते. एवढ्या मोठ्या नाटककाराच्या मागे एवढाच मोठा गुरू हवा. कुमारिलांसारखा, ज्यांचे नाव घेतल्यावर सभेत शांतता पसरेल असा. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी या विषयावर निबंध वाचला. वाचून झाल्यावर पहिला प्रश्न आला तो निबंधावर नव्हता. ‘आपले गाइड कोण?’ असा होता. मी म्हटले, कोणी नाही. प्रश्नकर्त्याने मान हलवली, त्यांना उत्तर मिळाले होते. त्या दिवशी परत येताना गाडीत माझ्या लक्षात आले, की उंबेकाचा वाद हासुद्धा ‘गाइड कोण’ याच जातीचा प्रश्न आहे.

आता पुरावा पाहू. उंबेकाच्या बाजूने तीन गोष्टी आहेत आणि त्या हलक्या नाहीत.

इंदूरची पोथी ही पहिली. दुसरी गोष्ट वेदान्ताच्या बाजूने येते. चित्सुखाचार्यांच्या ‘तत्त्वप्रदीपिके’वर ‘नयनप्रसादिनी’ नावाची टीका आहे. तिचा कर्ता प्रत्यक्स्वरूप भवभूती आणि उंबेक एकच असल्याचे सांगतो. तिसरा पुरावा सगळ्यांत जड. उंबेकाने कुमारिलांच्या ‘श्लोकवार्तिका’वर ‘तात्पर्यटीका’ लिहिली. ती बराच काळ हस्तलिखितातच होती, १९४० साली मद्रास विद्यापीठाने छापली. तिच्या आरंभी एक श्लोक आहे. तो ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेतला, संस्कृत वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेला श्लोक आहे. आमची अवज्ञा करणाऱ्यांसाठी हा प्रयत्न नाही, काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, केव्हा तरी कुठे तरी माझ्या जातीचा कोणी जन्मेल, अशा आशयाचा. भवभूतीचा आवाज म्हणून आपण जो ओळखतो तो याच श्लोकातून. तोच श्लोक उंबेकाच्या ग्रंथाच्या दारात उभा आहे म्हटल्यावर दोघे एकच, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते, आणि पुष्कळ दिवस वाटत राहिले.

पण भवभूती स्वतः काय सांगतो? ‘महावीरचरिता’च्या प्रस्तावनेत सूत्रधार कवीची ओळख करून देतो. दक्षिणापथात पद्मपूर नावाचे नगर, तेथील तैत्तिरीय शाखेचे, काश्यप गोत्राचे, उदुंबर नावाचे ब्राह्मण. त्या कुळात भट्टगोपाल, त्याचा मुलगा नीलकंठ, नीलकंठ आणि जातुकर्णी यांचा मुलगा हा कवी. आणि गुरू? त्याचे नाव ज्ञाननिधी, आणि तो परमहंसांत श्रेष्ठ असल्याचे सांगितले आहे.

या एका विशेषणावर मी अडून बसतो. ज्ञाननिधी हे कुमारिलांचेच दुसरे नाव किंवा गौरवाची पदवी असावी, अशी पळवाट काढता येते. पण परमहंस म्हणजे संन्यासी, यज्ञोपवीतासकट सगळे कर्म टाकलेला. कुमारिल म्हणजे कर्मकांडाचा शेवटचा मोठा वकील. वेदातील विधी हेच ज्याच्या दर्शनाचे सर्वस्व, त्याला त्याचाच शिष्य परमहंसांचा मुकुटमणी म्हणेल हे कसे मानायचे? ती स्तुती झाली नसती, टवाळी झाली असती. शिवाय गुरूचे नाव सांगण्याची संधी मिळाली असताना, आजोबांपासून आईपर्यंत सगळ्यांची नावे घेणारा हा माणूस कुमारिलांचे नाव गाळतो, हेही चमत्कारिकच.

विरोधी बाजू यावर एक शब्द दाखवते: ‘पदवाक्यप्रमाणज्ञ’. भवभूतीला लावलेल्या या विशेषणात पद म्हणजे व्याकरण, वाक्य म्हणजे मीमांसा, प्रमाण म्हणजे न्याय. म्हणजे मीमांसा त्याला येत होती. हे मान्य आहे. पण ‘मालतीमाधवा’त स्वतःच्या अध्ययनाची यादी देताना तो वेद, उपनिषदे, सांख्य आणि योग ही नावे घेतो आणि वर असेही सुचवतो की नाटकात यांचे प्रदर्शन मांडून काय उपयोग. मीमांसा ज्याचे घर आहे तो ही यादी करताना घर विसरणार नाही. मीमांसा येणे वेगळे, मीमांसक असणे वेगळे. पंचांग पाहता येणारा प्रत्येक जण जोशी नसतो.

प्रस्तावनांच्या पलीकडे नाटकांत शिरले तर काय दिसते? ‘मालतीमाधवा’तले सर्वांत शहाणे पात्र कामंदकी आहे. ती बौद्ध परिव्राजिका. नायक-नायिकेच्या वडिलांशी तिची विद्यार्थिदशेपासूनची मैत्री. दोन्ही घरांचे हित तिच्या हाती. प्रेमाची, कारस्थानाची, धीराची सगळी सूत्रे ती हलवते. संकटात धावून येणारी सौदामिनीही तिचीच जुनी शिष्या. आणि कुमारिल म्हणजे बौद्धांशी आयुष्यभर वाद घातलेला माणूस. त्याच्या शिष्याने बौद्ध भिक्षुणीला नाटकाची आई करावी, एका वाक्यानेही तिची कुचेष्टा करू नये, हे अशक्य नाही. नाटक म्हणजे शास्त्रार्थ नव्हे. पण ज्याला दोघे एक मानायचे आहेत त्याने या कामंदकीचे काही तरी केले पाहिजे, आणि ते कोणी केलेले मला दिसले नाही.

‘उत्तररामचरिता’च्या चौथ्या अंकाचा आरंभ तर मला नेहमी हसवतो. वाल्मीकींच्या आश्रमात पाहुणे आलेत. सौधातकी नावाचा पोर, वसिष्ठांच्या स्वागतात कालवड गेल्याचे कळल्यावर, या पाहुण्याला वाघ किंवा लांडगा म्हणतो. दुसरा शिष्य दांडायन त्याला मधुपर्काचा शास्त्रार्थ समजावतो. विधी बरोबर आहे, शास्त्र बरोबर आहे आणि तरीही हसू पोराच्या बाजूने आहे. हा प्रसंग लिहिणाऱ्याला कर्मकांड नीट ठाऊक होते यात शंका नाही, पण त्याचे पाय कुठे रोवलेले होते तेही यातून कळते.

मग ‘तात्पर्यटीके’च्या दारातला तो श्लोक? मला वाटते तो उंबेकाने, किंवा त्याच्या लेखकूने, उचलला. भवभूती स्वतःचे श्लोक एका नाटकातून दुसऱ्यात नेतो हे खरे, म्हणून तो टीकेतही नेईल असे म्हणता येईल. पण श्लोकाचा अर्थ पाहावा. ‘हा प्रयत्न माझा आहे आणि त्याची कदर करणारा माझ्यासारखा कोणी जन्मेल’ हा स्वतंत्र कर्त्याचा ताठा आहे. नाटकाच्या दारात तो शोभतो. दुसऱ्याच्या, त्यातही आपल्या गुरूच्या ग्रंथाचा अर्थ उलगडायला बसलेल्या टीकाकाराच्या तोंडी तो उसना वाटतो. चांगल्या ओळीला पाय फुटतात. आजही लग्नपत्रिकांपासून ट्रकच्या मागच्या फळ्यांपर्यंत कोणाकोणाच्या ओळी फिरत असतात आणि त्यांखाली कर्त्याचे नाव नसते.

राहिली ‘नयनप्रसादिनी’ची साक्ष. ती भवभूतीनंतर काही शतकांनी दिलेली आहे. आणि अशा साक्षींचे काय होते त्याचे उदाहरण जवळच आहे. माधवाच्या नावावरच्या ‘शंकरदिग्विजया’त मंडनमिश्रांचेच दुसरे नाव उंबेक असल्याचे सांगितले आहे. मंडनमिश्र म्हणजेच पुढे सुरेश्वराचार्य, असेही तेच चरित्र सांगते. साऱ्यांचे ऐकायचे ठरवले तर भवभूती, उंबेक, मंडन आणि सुरेश्वर हे चौघे एकच माणूस ठरतात. एकाच आयुष्यात त्याने तीन नाटके, मीमांसेवरची टीका, ब्रह्मसिद्धी, बृहदारण्यकावरचे वार्तिक लिहिले आणि मध्ये संन्यासही घेतला. उंबेक या नावाचे लेखनही एकसारखे नाही, उंवेक, उवेयक अशी रूपे मिळतात. माहिती थोडी, कीर्ती मोठी आणि नाव डळमळीत असले की ते नाव कोणालाही चिकटते.

महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी भवभूती आणि उंबेक वेगळे मानले. मी त्यांच्या बाजूचा आहे, कामंदकीचा मुद्दा माझा. मिराशींचे नाव घेतल्यावर मात्र मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण गुरूच्या बाबतीत जी ओढ मी दुसऱ्यांत दाखवली ती गावाच्या बाबतीत माझ्यातही होती.

‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत पद्मपूर विदर्भात असल्याचे सांगणारा पाठ आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७६ साली ‘मालतीमाधवा’ची आवृत्ती काढली, तेव्हा हे पद्मपूर चांद्याजवळ कुठे तरी असावे असा तर्क केला. कारण त्यांनी असे दिले, की त्या भागात आपस्तंब सूत्राची, कृष्ण यजुर्वेदी देशस्थांची घरे पुष्कळ आहेत. चांदा म्हणजे आमचे चंद्रपूर. माजरीत बसून हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा मला काय वाटले ते सांगायला नको. कोळशाची धूळ, मालगाड्या आणि वर्धा नदी याच्याखेरीज आमच्या गावाबद्दल कोणी काही लिहीत नाही. इथे भवभूती! मी आणखी पुढे गेलो. भांदक माजरीच्या शेजारी. तिथे राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाचा ताम्रपट सापडला, शके ६९४ चा, म्हणजे इसवी सन ७७२. त्यात ‘उदुंबरमंती’ असे गावाचे नाव येते. भवभूतीचे कूळ उदुंबर! भवभूतीचा काळ आठव्या शतकाचा पूर्वार्ध, कारण कल्हण त्याला कनोजच्या यशोवर्म्याच्या पदरी असल्याचे सांगतो. ताम्रपट एखाद्या पिढीनंतरचा. आठ दिवस मी हवेत होतो.

मग उतरलो. उदुंबरमंती हे यवतमाळ जिल्ह्यातले राणी अमरावती, असे अभ्यासकांनी ठरवले आहे, आणि उंबराच्या झाडावरून पडलेली नावे देशभर सापडतील. भांडारकरांचा तर्क हा तर्कच होता. ब्राह्मणांच्या घरांवरून हजार वर्षांपूर्वीचे गाव ठरत नाही. मिराशींच्या हाती मात्र ठोस काही होते. दुर्ग येथे मिळालेला वाकाटकांचा अपुरा ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे. म्हणजे त्या नावाचे राजधानीच्या दर्जाचे ठिकाण वाकाटकांच्या मुलखात खरोखर होते. ते त्यांनी तेव्हाच्या भंडारा, आताच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळच्या पदमपूरशी जुळवले. तिथे जुने अवशेष आहेत, नाव टिकून आहे. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. चांदा हरला, गोंदिया जिंकला. मला ते मान्य करायला दोन वर्षे लागली हे इथे नोंदवतो. वाईट वाटू नये म्हणून एवढेच म्हणतो, की पदमपूरही झाडीपट्टीतच येते.

आणि झाडीपट्टी म्हटली की नाटक आलेच. धान घरात आले की मंडया भरू लागतात. दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि आमच्या जिल्ह्याच्या धानपट्ट्यात रात्र-रात्र नाटके होतात. वडशाच्या कंपन्या पेट्या-पडदे घेऊन गावोगाव फिरतात. भवभूतीची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, हे त्या नाटकांतच सांगितले आहे. कालप्रियनाथ उज्जैनचा महाकाल की यमुनेवरच्या काल्पीचा देव, याबद्दल मतभेद आहेत. पण यात्रा होती, गर्दी होती, याबद्दल नाहीत. नटांशी या कवीचा सहज स्नेह होता आणि त्याने नाटक त्यांच्या स्वाधीन केले, हेही त्याचाच सूत्रधार सांगतो. भवभूतीला आपण एवढे पंडिती करून ठेवले आहे, की तो जत्रेत नाटक करणाऱ्यांचा दोस्त होता हे विसरतो.

झाडीपट्टीत नाटकाची वही कशी फिरते ते मी जवळून पाहिले आहे. लेखकाची मूळ वही एक. तिच्यावरून प्रॉम्प्टरची वही तयार होते. प्रॉम्प्टर आमच्याकडे नाटकाचा कणा आहे. बाहेरून आलेला नट आदल्या दिवशी उतरतो आणि त्याच्या आवाजावर उभा राहतो. ती वही फाटते, दुसरा उतरवून घेतो. एक अंक या गावातून, दुसरा त्या गावातून. एकदा माझ्या हाती अशी वही आली, तिच्या पहिल्या अंकाच्या शेवटी एकाचे नाव होते, दुसऱ्याच्या शेवटी दुसऱ्याचे. चौकशी केली तेव्हा कळले की पहिला लेखक होता आणि दुसरा तो अंक ज्याच्या वहीतून घेतला त्या मंडळाचा दिग्दर्शक. उतरवणाऱ्याने समोर होते ते इमानाने उतरवले होते, बस.

इंदूरच्या पोथीबद्दल मला तेच वाटते. तिसऱ्या अंकाखाली एक, सहाव्याखाली दुसरे, दहाव्याखाली तिसरे, हा कर्त्याबद्दलचा पुरावा कमी आणि पोथी कशी तयार झाली याचा पुरावा जास्त आहे. लेखकूपुढे एकाहून जास्त प्रती असाव्यात, किंवा त्याच्या आधीच्या कोणी तरी जोड-प्रत केली असावी. त्यांतली एखादी प्रत अशा मठातून किंवा घरातून आली असेल, की जिथे भवभूती म्हणजे उंबेक ही समजूत रूढ होती. त्या समजुतीचे अस्तित्व पोथी सिद्ध करते, तिचा खरेपणा नाही. उलट, समजूत सर्वमान्य असती तर दहाव्या अंकाखालीही तेच आले असते.

आणि आता तो पाचवा अंक.

‘महावीरचरित’ सात अंकांचे आहे. रामाच्या विवाहापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा त्यात आहे, आणि भवभूतीने तिला रावणाचा मंत्री माल्यवान याच्या राजकारणाचा कणा दिला आहे. पाचव्या अंकातल्या शेहेचाळिसाव्या श्लोकापर्यंत सगळ्या हस्तलिखितांचा मजकूर मोटामोटी एकच चालतो. वालीच्या प्रसंगाच्या आसपास तो फुटतो. उत्तरेकडच्या पोथ्यांत पुढचा मजकूर एक प्रकारचा, दक्षिणेकडच्या काही पोथ्यांत अगदी दुसरा, आणि तो सुब्रह्मण्य नावाच्या कवीने पुरा केल्याचे सांगितलेले. आणखी एका धाटणीत पाचव्या अंकाचा उरलेला भाग विनायक नावाच्या कोणी रचला आहे. १९२८ साली ऑक्सफर्डहून तोडरमल यांची आवृत्ती निघाली, तिच्यात हे सगळे समोरासमोर ठेवलेले दिसते.

म्हणजे ज्या वाक्यांखाली ‘भवभूतीविरचित’ असे आपण डोळे झाकून वाचतो, त्यांतली अडीच अंकांची वाक्ये त्याची नसण्याचा संभव आहे. उंबेकाच्या वादात एक ओळही भवभूतीकडून काढून घेतली जात नाही, नुसती त्याच्या डोक्यावरची टोपी बदलते. इथे नाटकाची तिसऱ्या हिश्श्याएवढी संहिता हलते. तरी उंबेकावर लेखांमागून लेख, आणि इथे एक तळटीप! शेक्सपिअरच्या बाबतीतही असेच झाले. अर्ल कोण, लॉर्ड कोण यावर कपाटे भरली. पण १६३४ साली छापलेल्या ‘टू नोबल किन्समेन’च्या मुखपृष्ठावर फ्लेचर आणि शेक्सपिअर अशी दोन नावे सरळ छापलेली होती, आणि कोणता प्रवेश कोणाच्या हातचा हे तपासण्याचे कष्टाचे काम थोड्यांनीच केले. त्यातून मात्र नाटककार नाटक कसा लिहितो हे कळले.

‘महावीरचरित’ अपुरे का? भवभूतीने ते अर्धवट सोडले असे पुष्कळदा लिहिलेले आढळते. मला ते पटत नाही. बहुतेक अभ्यासक हे त्याचे पहिले नाटक मानतात. त्यानंतर त्याने दोन पूर्ण नाटके लिहिली, म्हणजे मृत्यूने लेखणी थांबवली असे नाही. शिवाय प्रस्तावना पुरी आहे, यात्रेतला प्रयोग जाहीर झाला आहे. अर्धे नाटक घेऊन सूत्रधार गर्दीपुढे उभा राहत नाही. शेवट होता. तो हरवला. वहीचे कोणते पान आधी जाते हे प्रॉम्प्टरला विचारा: शेवटचे. ते बाहेरच्या बाजूला असते, घाम, तेल आणि दिव्याची काजळी तेच खाते. ताडपत्रांच्या जुडीतही कडेची पाने आधी झिजतात. आज आपल्यापर्यंत आलेल्या सगळ्या पोथ्या अशा एखाद्या कडेला झिजलेल्या मूळ प्रतीच्या वंशातल्या असाव्यात. हा माझा तर्क आहे, पण भवभूतीने पहिलेच नाटक ऐन वालीपाशी टाकून दिले या तर्काहून तो मला बरा वाटतो.

पान हरवले तर काय करतात? गडकरी १९१९ साली सावनेरला वारले, ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले आणि आपण ते अपुरेच वाचतो, कारण आता छापखाना आहे आणि लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही असा आपला संकेत आहे. बाण गेला तेव्हा त्याच्या मुलाने ‘कादंबरी’ पुरी केली आणि तसे सांगूनही टाकले. नाटकाचे निराळे. वालीपाशी आलेला राम अभिषेकाशिवाय सोडून यात्रेकरूंना घरी पाठवता येत नाही. कोणी तरी शेवट लिहायलाच हवा. म्हणून उत्तरेत एकाने, दक्षिणेत दुसऱ्याने, आणखी कुठे तिसऱ्याने लिहिला. त्यांतले सुब्रह्मण्य आणि विनायक नावासकट टिकले, तिसऱ्याचे, ज्याचा शेवट आपण आज सर्रास छापतो त्याचे नावही राहिले नाही. या माणसांना ‘प्रक्षेप करणारे’ म्हणून बाजूला सारण्याची आपली रीत आहे. मला ते कंपनीची अब्रू राखणारे लोक वाटतात. त्यांचे लेखन भवभूतीचे नाही, पण त्यांच्यामुळे भवभूतीचे नाटक चालू राहिले.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘संस्कृत कविपंचका’त भवभूतीवर लिहिले. परशुरामतात्या गोडबोल्यांनी ‘उत्तररामचरित’ आणि कृष्णशास्त्री राजवाड्यांनी ‘मालतीमाधव’ मराठीत आणले. ‘महावीरचरित’ मात्र आपल्याकडे नेहमी तिसऱ्या पंगतीला बसले, कच्चे नाटक म्हणून. ते कच्चे आहे हा निवाडा करताना त्याचे कोणते पान कोणाचे, हे कितीजणांनी पाहिले? शेवटच्या अंकात पुष्पक विमानातून दिसणाऱ्या देशांची लांबण लागते आणि समीक्षक भवभूतीला बोल लावतात. तो बोल कोणाला लागतो ते आधी ठरवावे.

या बाबतीत भवभूतीने स्वतः एक दृश्य लिहून ठेवले आहे. ‘उत्तररामचरिता’च्या चौथ्या अंकात लव सांगतो, की वाल्मीकींनी कथेचा एक भाग नाट्यरूपात रचला आहे, तो अजून कोणाला दिलेला नाही. स्वतःच्या हाताने लिहिलेली ती प्रत त्यांनी प्रयोगासाठी भरतमुनींकडे पाठवली आहे, आणि वाटेत काही होऊ नये म्हणून कुश धनुष्य घेऊन तिच्याबरोबर गेला आहे. लेखकाची स्वहस्ताक्षरातली प्रत, नाटक बसवणाऱ्याकडे निघालेली, आणि तिच्यासोबत शस्त्रधारी पहारा. संपूर्ण संस्कृत नाटकात संहितेची एवढी काळजी घेतलेले दुसरे दृश्य मला ठाऊक नाही. पहिल्या नाटकाची अखेरची पाने गमावलेल्या माणसाने हे लिहिले असेल काय, असा विचार माझ्या मनात येतो. पुरावा म्हणून तो शून्य आहे, म्हणून इथे मांडून बाजूला ठेवतो.

काम मात्र करण्यासारखे आहे आणि ते मराठीत व्हावे. ‘महावीरचरित’ शेहेचाळिसाव्या श्लोकापर्यंत एकदा, आणि त्यापुढे तिन्ही शेवट शेजारी-शेजारी, प्रत्येकावर ज्याचे त्याचे नाव घालून, नाव नसेल तर ‘अज्ञात’ असे घालून, छापले पाहिजेत. संस्कृतात ते उपलब्ध आहे, मराठी वाचकापुढे ते या रूपात यायला हवे. मी पाचव्या अंकाच्या उरलेल्या भागाचे दोन पाठ उतरवून घेतले आहेत. त्यांत वाली मरताना काय बोलतो ते दोन्हींत वेगळे आहे, आणि दोन्ही वाचल्यावर सध्या तरी मला सुब्रह्मण्याचा वाली जास्त आवडतो.